डेडस्टॉक नंबर सतरा

कॅसेट पाच, बाजू अ. पहिले सहा सेकंद शब्द नाहीत. कुणीतरी पाणी पितंय. घोट, घोट, मग धातूला दात लागल्यासारखा बारीक टक् आवाज.

एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट.

कमानीवर नाव आधी लाल रंगात काढलं. कुणीतरी म्हणालं, लाल नको. मग निळ्यात काढायचं ठरलं. कुणीतरी म्हणालं, निळा तर नकोच नको. शेवटी पिवळा.

सोलापूरला टेलिफोन खात्यात एक लाइनमन होता. खांबावर असताना खालून कुणी पाण्याची बाटली वर दिली तर घ्यायचा नाही. काम संपल्यावर उतरायचा, नळाखाली ओंजळ धरायचा.

'पितळी फुलपात्र, नाव घातलेले, नग १. चोरीस गेले, सबब कमी.' अक्षर देखणं आहे. माझ्या आजोबांचं.

नऊ जणांनी मला सांगितलं, "ग्यानू माझ्या शेजारी बसायचा." एका मुलाला दोनच बाजू असतात.

*

"आदी ते बंद करा," अनसाबाई म्हणाल्या. "मग बोलू."

मी बटण दाबलं. टेपरेकॉर्डरचा लाल दिवा गेला. त्यांनी वाकून दिवा गेल्याची खात्री केली. मग तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा मशीनवर तळहात ठेवला.

"गरम हाय की अजून."

"चालल्यावर गरम होतंच ते."

"बंद असंल तर गार हुईल. थांबू जरा."

आणि आम्ही थांबलो. मे महिन्यातली दुपार, वर पत्रा, आणि टेपरेकॉर्डर गार व्हायची वाट बघत समोरासमोर बसलेल्या दोन बायका. अनसाबाईंची नखं हळदीनं पिवळी होती. त्या तालुक्याच्या वखारीत हळद निवडायला जायच्या आणि त्या दिवशी माझ्यासाठी खाडा केला होता. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

"कोन तुमी?"

"ठकार. सांगलीच्या कॉलेजात शिकवते, मावशी."

"मावशी कशाला? अनसाबाई म्हना. मावशी म्हनलं की मानूस कायतरी मागाय आलेलं असतंय."

"बरं, अनसाबाई."

"म्हायेर कुठलं?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. तरी उत्तराला एक क्षण जास्त लागला.

"पुण्याकडचं."

"पुन्याकडचं," त्या म्हणाल्या. "गुरुजींचं घर बी पुन्याकडचंच हुतं."

त्यांनी पुन्हा मशीनला हात लावून बघितला.

*

सांगायला हवं ते इथंच सांगते. सावरटेकच्या मराठी शाळेला त्या वर्षी, १९८६ साली, शंभर वर्षं पूर्ण होत होती. त्रिंबक हळबे गुरुजी तिथं एकोणीस वर्षं हेडमास्तर होते. ते माझ्या वडिलांचे वडील. १९५० पर्यंत गावात दोन शाळा होत्या: गावातली मोठी, आणि महारवाड्यातल्या तक्क्यात, म्हणजे वस्तीच्या चावडीत, भरणारी एका खोलीची. वरून हुकूम आला आणि तक्क्यातली शाळा बंद झाली. चार मुलं मोठ्या शाळेत आली. गुरुजींनी त्यांना वर्गात घेतलं, गावाचा विरोध पत्करला, असं आमच्या घरात सांगत. गावातही सांगत. म्हणून शाळेला नवी कमान बांधली जात होती आणि तिच्यावर गुरुजींचं नाव यायचं होतं.

सरपंच नाना शिंगटे उत्सव समितीचे अध्यक्ष होते. त्यांनीच मला बोलावलं. "गुरुजींची नात, त्यात प्राध्यापक. जुन्या माणसांचं बोलणं टेप करा, स्मरणिकेत घालू," म्हणाले. गावात सगळीकडं हीच ओळख होती, आणि तिच्यामुळं दारं उघडत. अनसाबाईंकडं मात्र मी सासरचं आडनाव तेवढं सांगितलं. खोटं नव्हतं ते.

माहेरचं खोटं होतं. माझं माहेर सांगली. पुण्याकडचं घर आजोबांचं.

तीन दिवस मी घरोघर फिरत होते. टेप बघितल्यावर प्रत्येकजण आधी एकच विचारायचा, हे कुठं लावणार. कोर्टात? तहसीलदाराकडं? एकानं बोलताना पूर्ण वेळ तोंडावर रुमाल धरला होता. दुसऱ्याच्या बायकोनं मला आत बोलावून हळूच सांगितलं, "ह्यांचं सगळं खरं धरू नका. ह्ये त्या साली शाळंतच न्हवते."

चार मुलांतली दोन वारली होती. तिसरा ग्यानू, गाव सोडून गेलेला. चौथी त्याची थोरली बहीण, अनसा. आता अनसाबाई होवाळ, वय शेहेचाळीस.

त्या दिवशी सकाळी मी नानांकडं होते. निघताना ते जीपपर्यंत आले. "त्या वाड्यात जाताय तर जा. पण जपून. ती बाई सरळ बोलत नाही कुणाशी. आणि चहापाण्याचं तुमचं तुम्ही बघा."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. ऊन आहे म्हणून म्हटलं."

*

"झालं गार," अनसाबाई म्हणाल्या. "आता सांगा, छापायचं काय चाललंय?"

"गावाच्या आठवणी. शाळेच्या."

"आन् ती ग्यानूची वळ?"

मला त्या ओळीची कल्पना होती. स्मरणिकेत 'गमतीजमती' नावाचं पान होतं, प्रेसमध्ये जुळूनही झालं होतं. त्यात एक मजकूर असा: 'ग्यानू नावाचा आमचा एक वर्गबंधू शाळेचे फुलपात्र घेऊन जो पळाला, तो अजून पळतोच आहे!' प्रूफ वाचताना मी हसले होते.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"प्रेसमदी आमचा एक पोरगा खिळं लावतो. त्यानं सांगितलं." त्यांनी आवाज खाली आणला. "माझी नात सुजाता त्याच शाळंत हाय, पाचवीला. पोरं तिला आत्ताच म्हनत्यात, फुलपात्रवाल्याची नात. छापून आल्यावर काय म्हनतील? आन् ग्यानू येतो म्हनलाय समारंभाला. छत्तीस वर्सानं शाळंची पायरी चढनार. आई गेली तवा बी तो गावात आला न्हाई, नदीवरनंच परत गेला. आता येतो म्हनलाय. मी त्याला काय कळवू?"

"ती ओळ काढता येईल," मी म्हणाले.

"वळ काढून काय व्हतंय? खरं काय झालं ते लिवा. मग मी त्याला पत्र टाकते, ये म्हनून."

"खरं काय झालं ते मला कळायला हवं ना आधी."

"मंजी तुमाला बी वाटतंय त्यानं चोरलं."

मी लगेच नाही म्हणाले नाही. डेडस्टॉक रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीतली, सतरा नंबरची नोंद मी आदल्याच दिवशी वाचली होती. माझे आजोबा खोटं लिहिणारे नव्हते. एखादा खडू कमी भरला तरी नोंद करणारा माणूस. समोर बसलेल्या बाईचा तर तो भाऊच होता. त्या काय, त्याच्या बाजूनंच सांगणार.

"मला काही वाटत नाही. म्हणूनच ऐकायला आलेय," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग मशीनकडं बोट केलं.

"लावा."

*

हे कॅसेट सहावर होतं. आता ती कॅसेट माझ्याकडे नाही, तेव्हा आठवतं तसं लिहिते.

"आमी वर्गात बसत न्हवतो," अनसाबाई म्हणाल्या. "व्हरांड्यात बसायचो चौघं, खिडकीखाली. गुरुजी आतनं शिकवायचे, आमी भायेरनं ऐकायचो. पाटी तपासायची झाली तर खिडकीच्या गजातनं वर धरायची. ग्यानू बारका. त्याला मी कडंवर घ्यायची, मग पाटी दिसायची गुरुजींस्नी."

"पण हजेरीपटावर तुम्ही चौघं एकाच वर्गात आहात."

"पटावर आसू. पटाला कुठं बुड असतंय टेकायला?"

"आणि पाणी?"

"माठ आत. तहान लागली की आमी दाराशी जाऊन उकिडवं बसायचं, ओंजळ तोंडाला लावायची. शिंगट्याचा नाना यायचा फुलपात्र घेऊन, वरनं वतायचा. रोज त्येच काम त्याला. कदी धार डोळ्यात सोडायचा, कदी नाकात. हसायची पोरं. आमी बी हसायचो. तहान लागल्यावर काय करनार?"

हे नानांनी मला सकाळीच सांगितलं होतं. त्यांच्या तोंडी ते असं होतं: "पाणी वाढायचं काम गुरुजींनी माझ्यावर सोपवलं होतं. रोज पाजायचो त्यांना. माझ्या हातचं पाणी प्यालेत ते." मी वहीत लिहिलं होतं, 'सुंदर आठवण.'

"मग एक दिवस शाळा तपासाय डिपोटी साहेब यायचा हुता," अनसाबाई म्हणाल्या. "त्येच बगायला यायचा हुता, पोरं येकत्र बसत्यात का न्हाई. आदल्या दिवशी गुरुजी वाड्यात आले. आत न्हाई, भायेर लिंबाखाली हुबं राहिले. उद्या स्वच्छ धुवून या म्हनले, उद्या आत बसायचंय. आईनं राखेनं घासली आमास्नी. चौघांस्नी मदोमद बसवलं. भवती सगळी गावातली. माझ्या शेजारची पोरगी अंग आवळून बसलेली, मला हिकडं न्हाई तिकडं हलता यीना."

"डिपोटींनी काय विचारलं?"

"पाढं. एकोनतीसचा कुनाला यीना. ग्यानू उठला. आठ वर्साचं पोर. खिडकीखाली बसून ऐकून ऐकून पाठ झालेला त्याला. घडाघडा म्हनला. एकोनतीस दाहे दोनशे नव्वद म्हनून थांबला तवा सायबानं टाळी वाजवली. म्हनला, शाब्बास. घसा कोरडा पडला आसंल बाळ तुजा. जा, पानी पी."

टेप फिरत होती.

"गेला मग?"

"गेला की. माठापाशी गेला आन् खाली बसला. उकिडवा. ओंजळ धरली तोंडाला आन् वर बगत ऱ्हायला."

मला कळायला थोडा वेळ लागला.

"त्याला काय ठावं?" त्या म्हणाल्या. "पानी प्यायचं मंजी तसंच प्यायचं. फुलपात्र मडक्यावरच हुतं. हात लावायचं त्याच्या ध्येनातच न्हाई. बसला वाट बगत. आन् तिकडनं नाना उठला! सवयीनं. उठला, फुलपात्र भरलं, आन् वर धरलं. मग त्याच्या बी ध्येनात आलं, तसाच हुबा. एक खाली ओंजळ धरून, एक वर फुलपात्र धरून. सगळी शाळा गपगार."

"आणि गुरुजी?"

"गुरुजी म्हनले, अरे ग्यानू, रोज घेतोस तसं घे की हातानं. ग्यानू त्यांच्या तोंडाकडं बगाय लागला. रोज कवा घेतलंय त्यानं? मग सायेब सोताच उठला. नानाच्या हातनं फुलपात्र घेतलं आन् ग्यानूच्या हातात दिलं. ग्यानू प्याला. तोंड लावून प्याला, सगळं. मोकळं झालं तरी तोंडाचं काढीना."

शेरेबुकात डिपोटींचा शेरा मी वाचला होता. 'सर्व मुले एकत्र बसतात. पाण्याची सोय आहे. मुख्याध्यापकांचे काम समाधानकारक.' खाली सही, १४ ऑगस्ट १९५०. वाचला तेव्हा मला अभिमान वाटला होता.

"पण मग फुलपात्र?" मी विचारलं. "ते त्यानं नेलं की नाही?"

अनसाबाई उठल्या. मला वाटलं, प्रश्नाचा राग आला. त्या आतल्या खोलीत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात पाण्याचं फुलपात्र होतं.

"घ्या. मगाधरनं बसलायसा, पानी बी इचारलं न्हाई तुमाला."

घसा खरंच सुकला होता. मी फुलपात्र घेतलं. मान मागं टाकली आणि वरून पाणी प्यायले. एक थेंब सांडला नाही. खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतं.

अनसाबाई माझ्याकडं बघत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब जुळल्यावर दिसतं तसं काहीतरी होतं.

"गुरुजी बी असंच पीत," त्या म्हणाल्या. "मान मागं टाकून, डोळं मिटून. खिडकीतनं दिसायचं."

मी पदर नीट केला.

"नात न्हवं तुमी त्यांची?"

"हो."

"मग पुन्याकडचं कशाला सांगितलं?"

"तुम्ही मोकळं बोलला नसता."

"आन् आता बोलले ते मोकळं?" त्या हसल्या. "म्या तुमाला पैल्यादिशीच वळखलं. नानाच्या जीपमधनं कोन उतरतं ते सगळ्या गावाला दिसतंय. मला बगायचं हुतं, तुमी सोताहून सांगताय का."

"अनसाबाई, पाण्याचं म्हणाल तर आमच्या घरी सगळे असंच पितात. लहानपणापासूनची सवय आहे. मी कुणाच्याच घरी भांड्याला तोंड लावत नाही. खरंच सांगते."

"आसंल. म्या कुटं काय म्हनले?" त्यांनी फुलपात्र उचलून माझ्या हातात दिलं. "वाचा. त्याच्यावर काय लिवलंय?"

काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं होतं. घासून घासून पुसट झालेलं. मराठी शाळा, सावरटेक. १७.

*

"म्हणजे नेलंच त्यानं," माझ्या तोंडून गेलं.

"नेलं. गुरुजींनी दिलं म्हनून नेलं. सायबाची गाडी गेली, आन् गुरुजींनी ग्यानूला हाक मारली. म्हनले, ह्ये आता तूच घेऊन जा घरी, तुजं झालं ह्ये. कागदात गुंडाळून दिलं. ग्यानूला काय वाटलं ठावं हाय? त्याला वाटलं, बक्षीस! पाढ्याचं बक्षीस! पळत आला घरापातूर. आईनं वाड्यातल्या सगळ्यास्नी बोलवून दाखवलं. त्यात गूळ घालून वाटला."

टेप फिरत होती. मी तिच्याकडं बघत होते, कारण दुसरीकडं कुठं बघवत नव्हतं.

"चार रोज बक्षीस हुतं. पाचव्या दिवशी पोलीस पाटील आला. शाळंच्या वहीत फुलपात्र कमी पडलं म्हनं, चोरी लिवलीय म्हनं. बापाला चावडीवर हुबं केलं दिवसभर. बाप म्हनला, पोराला गुरुजींनी दिलंय, पर चोरी म्हनत असाल तर ह्ये घ्या परत. गेला शाळंत परत द्यायला." त्यांनी माझ्या हातातलं फुलपात्र काढून घेतलं. "कुनी घेईना."

"म्हणजे?"

"मंजी काय? घेईनात! पायरीवर ठेवलं तर नाना म्हनला, हितं ठेवू नको, उचल. चोरीचा माल परत आलाय आन् कोन हात लावाय तयार न्हाई. गुरुजी खुर्चीत बसलेले. मान वर केली न्हाई. बापानं आनलं मग परत. काय करनार? ग्यानू त्या दिवसापासनं शाळंत गेला न्हाई. कुटं बी मिळालं तरी फुलपात्रानं पानी पीत न्हाई. सोलापुरात हाय, टेलिफोनच्या खांबावर चढतो, सगळी म्हनत्यात चांगला मानूस हाय. आन् अजून ओंजळीनं पितो."

बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू झाला. अनसाबाईंनी आवाजाकडं मान वळवली, परत माझ्याकडं.

"मी लिहीन हे," मी म्हणाले. "सगळं लिहीन. तुम्ही भावाला पत्र टाका."

"टाकनार हुते. पानी आनायला आत गेले तवा टाकनारच हुते." त्यांनी फुलपात्र आतल्या फळीवर पालथं ठेवलं आणि हात पुढं केला. "ती फीत द्या."

"कॅसेट? पण ती नसेल तर माझ्याकडं पुरावा काय राहील?"

"तुमाला पुरावा लागतोय मंजी तुमाला पटलेलं न्हाई. आन् पटलं आसंल तर पुरावा कशाला पायजे? द्या हिकडं."

मी कॅसेट काढून दिली. त्यांनी ती फुलपात्राशेजारी ठेवली.

"आता ह्ये बी लिवा वहीत," त्या म्हणाल्या. "नग एक. चोरीस गेली."

*

सांगलीला आल्यावर मी उरलेल्या कॅसेटी परत ऐकल्या. नानांच्या कॅसेटमध्ये, बाजू ब वर, मधेच हे आहे:

"फुलपात्र घेऊन गेला की तो. गुरुजींनीच तर— अगं, चहा झाला का नाही अजून?"

त्या सकाळी चहा आधीच पिऊन झाला होता.

पुढच्या रविवारी मी नानांना गाठलं. कमानीखाली उभे राहून ते रंगाऱ्यावर खेकसत होते.

"नाना, गुरुजींनीच तर, काय?"

"काय काय?"

"टेपवर तुम्ही म्हणालात, गुरुजींनीच तर. पुढं काय म्हणणार होतात?"

"मी असं कधी म्हणालो?"

"टेपवर आहे."

"मग टेपलाच विचारा." ते हसले. मग माझ्या जवळ येऊन हळू बोलले. "गेला होतात ना तिकडं? म्हटलं होतं जपून. हे बघा, मी तेव्हा दहा वर्षांचा. मला सांगितलं पाणी घाल, मी घातलं. सांगितलं हे ठेवू देऊ नको, नाही ठेवू दिलं. तुम्हाला छापायचं तर छापा, माझं काय जातंय? कमानीवर माझं नाव नाही." त्यांनी वर बघितलं. रंगारी 'हळबे'मधली शेवटची मात्रा सरळ करत होता. "तुमचं आहे."

त्या आठवड्यात मी चार मसुदे लिहिले. एकात सगळं होतं. एकात सगळं होतं पण नावं नव्हती. एकात गुरुजींची अडचण काय असेल याविषयी दोन परिच्छेद होते. चौथा मी वडिलांना वाचून दाखवला. ते आपल्या वडिलांविषयी एवढंच म्हणाले, "आण्णा तसे नव्हते." मी म्हणाले, "मला माहीत आहे." काय माहीत आहे, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

शेवटी मी प्रेसमध्ये जाऊन 'गमतीजमती'मधली ती ओळ काढली. तिच्या जागी काहीही लिहिलं नाही. मोकळ्या चौकोनात तालुक्याच्या हळद व्यापाऱ्याची जाहिरात बसली. कुणाचंच वाईट झालं नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होते.

समारंभाच्या दिवशी मी मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसले होते आणि दर एसटीला वळून रस्त्याकडं बघत होते. सोलापूरची गाडी दुपारी दोनला आली. दोन बायका उतरल्या आणि एक म्हातारा, काठी टेकत. ग्यानू आला नाही. अनसाबाईही आल्या नाहीत. सुजाता मात्र मुलींच्या रांगेत होती. स्वागतगीत झाल्यावर प्रत्येक मुलाला स्मरणिकेची प्रत मिळाली. तिनं ती तिथंच उघडली, बोट फिरवत पानामागून पान शोधलं. जाहिरातीच्या पानावर तिचं बोट थांबलं. मग तिनं प्रत मिटली आणि खाली, सतरंजीवर ठेवून दिली.

डेडस्टॉक रजिस्टर नंतर जिल्हा परिषदेत गेलं. सतरा नंबरची नोंद तशीच आहे.

कॅसेट पाच अजून माझ्याकडे आहे. बाजू अ, पहिले सहा सेकंद. अनसाबाईंकडं गेले त्याच सकाळी, साडेनऊ वाजता, नाना शिंगट्यांच्या सोप्यात पाणी पितेय ती मी आहे. टक् आवाज माझ्या दाताचा आहे, त्यांच्या फुलपात्राच्या काठावरचा.